शहराची खूण

टॅक्सी थांबली नाही. पुलेंगनं हात वर केला होता, ड्रायव्हरनं तिच्याकडे नीट पाहिलं होतं, नजरेला नजरसुद्धा भिडली होती, आणि तरी ती पंधरा माणसांची पांढरी गाडी ऑगस्टमधल्या कोरड्या हिवाळ्याची धूळ तिच्या काळ्या स्कर्टवर उडवून निघून गेली. भरली असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. पण भरलेली नव्हती. मागच्या खिडकीशी एक जागा रिकामी होती, ती तिनं या डोळ्यांनी पाहिली होती, आणि डोळे तरी अजून शाबूत होते. दुसरी आली, तीही गेली. तिसऱ्या ड्रायव्हरनं वेग कमी केला, तिच्या हाताकडे पाहिलं आणि पंजा हलवून ‘नाही आजी, तिकडे नाही जात मी’ असं सांगून पुढे सटकला. कुठे नाही जात? सकाळचे दहा वाजलेले, गुरुवार, सोवेटोतला हा मोठा रस्ता. या वेळी इथून जाणाऱ्या निम्म्या टॅक्सी शहराकडेच वळतात. चाळीस वर्षांत तिला या कोपऱ्यावर असं कुणी झिडकारलं नव्हतं. तिला एकदम वाटलं, आपण दिसतच नाही की काय यांना? मग वाटलं, दिसतोय, म्हणूनच थांबत नाहीत. म्हातारी चढायला वेळ लावते, दार धरून धापा टाकते, मागचे लोक चुळबुळ करतात. गेलात उडत, ती पुटपुटली, आणि दुखरा खांदा दुसऱ्या हातानं चोळत पुन्हा उभी राहिली.

इथं टॅक्सीला तोंडानं कुणी काही विचारत नाही. धावत्या गाडीला काय विचारणार, कपाळ? बोटानं सांगायचं. बोट वर म्हणजे शहर, जोबर्ग, म्हणजे जोहान्सबर्ग. बोट खाली म्हणजे इथल्या इथे, वस्तीतल्या वस्तीत. तळव्याची वाटी करून संत्रं धरल्यासारखा हात पुढे केला की ऑरेंज फार्म, ती लांबची वस्ती. प्रत्येक दिशेला आपली खूण, आणि ज्या ड्रायव्हरची ती दिशा तोच थांबतो. लेकाऊला, तिच्या नवऱ्याला, इथं घर मिळालं तेव्हा पुलेंग तिशीला आली होती. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती, आणि त्या दहा वर्षांत नवरा म्हणजे तिला डोंगरातल्या गावी वर्षातून एकदा बॅगा घेऊन येणारा पाहुणाच होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला याच कोपऱ्यावर उभं केलं. “असं नाही गं, असं. वरती बघून विचारतेयस ना, पाऊस कधी, तसं धर बोट.” ती लाजली होती. बाईमाणसानं रस्त्यावर उभं राहून पुरुषाच्या गाडीला बोट दाखवायचं! पण बोट वर झालं, आणि एवढी मोठी गाडी कचकन ब्रेक दाबून तिच्या पायाशी थांबली. गावाकडे तिच्या शब्दावर कधी शेळीसुद्धा थांबली नव्हती. त्या दिवशी ती दिवसभर मनातल्या मनात हसत होती. पुढे शहरातल्या बंगल्यात धुणीभांडी करायला लागली, मालकिणीचे लोकरीचे कपडे थंड पाण्यात पिळायची, इस्त्री करायची, मुलांची नाकं पुसायची. बोटं तेव्हापासून झिजायला लागली असणार. पण झिजताना कळतं थोडंच.

गुरुवारी मालकिणीकडे सुट्टी. सगळ्याच बंगल्यांतल्या बायकांना गुरुवारीच सुट्टी असायची, म्हणून चर्चमधल्या आयाबायांची प्रार्थनासभाही गुरुवारी. लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरी टोपी, काळा स्कर्ट. हे कपडे अंगावर चढले की बाई कुणाची मोलकरीण राहत नसे. बंगले सुटून सोळा वर्षं झाली, लेकाऊ जाऊन नऊ झाली, पण गुरुवार सुटला नाही. इथं गल्लीच्या टोकालाही चर्च आहे, तिथंही बायका जमतात. शेजारणी म्हणतात, एवढं शहरात कशाला तडफडता? पुलेंग नुसती हसते. तिचं स्वतःचं घर आहे चार खोल्यांचं, त्यात सोमवार ते बुधवार तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नाही. मंगळवारी तिनं मुद्दाम खोकून पाहिलं होतं, आवाज आहे का. आता हे कुणाला सांगायचं? गुरुवारी टॅक्सीत चढून ती ‘दुमेलांग’ म्हणते, नमस्कार सगळ्यांना, आणि अनोळखी चौदा तोंडं एकदम उत्तर देतात. जाताना चौदा, येताना चौदा. त्यावर आठवडा निघतो. देवाची काही तक्रार नसावी, पण खरं सांगायचं तर ती सभेपेक्षा त्या टॅक्सीसाठीच लाल ब्लाउजची बटणं लावायची. आज ती बटणं लावायला अर्धा तास गेला होता. कॉलरचं शेवटचं लागलंच नाही, तिथं तिनं टाचणी टोचली होती.

आणि ही बटणं, ही बोटं, हे सगळं थाकानेला कळता कामा नये. थाकाने तिची एकुलती एक मुलगी, ब्लूमफाँटेनला शाळेत मुख्याध्यापिका. तिथून इथवर गाडीनं चार तास. ईस्टरला आली होती तेव्हा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ताठ बसून तिनं वर्गात नियम सांगावेत तसा नियम सांगितला होता. “हे बघ आई, मी तुला ओढून नेणार नाही. तुझं घर आहे, राहा. पण ज्या दिवशी तुला एकटीनं शहरात जाऊन परत येता येणार नाही, त्या दिवशी सामान बांधायचं. मंजूर?” मंजूर, पुलेंग म्हणाली होती. आपल्या पोटच्या पोरीनं आपल्याला अशी परीक्षा लावावी याचा राग आला होता, पण परीक्षा सोपी वाटली होती. चाळीस वर्षं पास होत आलेली परीक्षा. ब्लूमफाँटेनची ती खोली तिनं पाहिली होती. खिडकी होती, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत होती. घरात सकाळी सातला सगळे आपापल्या दिशेनं पांगायचे आणि संध्याकाळपर्यंत फ्रीजचा आवाज. एकटंच बसायचं तर मग आपल्या घरी बसावं की, निदान इथला फ्रीज ओळखीचा आहे. आता या शनिवारी थाकाने येणार होती, आणि नवऱ्याचा छोटा टेम्पो घेऊन येणार होती. टेम्पो कशाला, हे तिनं सांगितलं नव्हतं. पुलेंगनंही विचारलं नव्हतं. त्या टेम्पोच्या धास्तीनं तिची झोप उडाली होती, आणि तरी, मनाचा काय भरवसा, तिनं थाकानेची जुनी खोली तीनदा झाडली होती, पलंगावर धुतलेली चादर घातली होती, वाफवायच्या पावासाठी पीठ आणून ठेवलं होतं. ईस्टरपासून लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. शनिवार येऊ नये असंही वाटत होतं आणि कधी येतो असंही झालं होतं.

थाकानेनं उपायही कमी केले नव्हते. आधी म्हणाली, ती नवी लाल बस आहे ना, म्हाताऱ्यांसाठी पायऱ्या नाहीत, सपाट फलाट आहे. आहे खरा सपाट, पण त्या सपाट फलाटापर्यंत पोचायला चढ चढून अर्धा तास चालायचं ते कुणी? रेल्वे कधीचीच यायची बंद झाली होती, स्टेशनात आता शेळ्या बांधतात. दवाखान्याची एक गाडी आहे म्हाताऱ्यांना न्यायला. आदल्या दिवशी नाव लिहून द्यायचं. पुलेंग एकदा बसली होती तीत. सगळे म्हातारे मांडीवर गोळ्यांच्या पिशव्या घेऊन एकमेकांची दुखणी ऐकत बसले होते, आणि गाडी दवाखान्यात जायची न् परत यायची, चर्चबिर्च तिच्या यादीत नव्हतं. मग थाकानेनं ब्लूमफाँटेनमध्ये बसून फोनवरून मोटार मागवली. मोटार दारात आली, आतून गार, सुगंधी. पोरगा तरुण होता, कानात काहीतरी खुपसलेलं. पुलेंग ‘दुमेला’ म्हणाली. त्यानं आरशात पाहिलं आणि “पत्ता आलाय माझ्याकडे” म्हणाला. चाळीस मिनिटं ती त्याच्या मानेकडे बघत बसली. उतरल्यावर थाकानेचा फोन, कसं वाटलं आई, आरामात ना? आरामात, ती म्हणाली. पार्सल गेलं की कसं आरामातच जातं.

चौथी टॅक्सी मात्र थांबली. अशी आपणहून, तिच्या पुढ्यात, चाक अगदी पायाशी. तिचा जीव भांड्यात पडला. कुठे जाते हे विचारायचा प्रश्नच नव्हता. शहराची खूण केली, गाडी थांबली, म्हणजे गाडी शहराची. ती दाराचा दांडा धरून चढली, कुणीतरी आतून हात दिला, मांडीवर तीन कोबी घेऊन बसलेल्या एका जाड बाईनं सरकून जागा केली. “दुमेलांग,” पुलेंग म्हणाली. “दुमेला, मे!” सगळ्या गाडीनं उत्तर दिलं, कोबीवालीनं सगळ्यांत मोठ्यानं. मे म्हणजे आई, इथं वडीलधाऱ्या बाईला सगळे तेच म्हणतात, पण प्रत्येक वेळी ते कानाला ऊब देऊन जातं. खिडकीतून ऊन येत होतं. बाजूच्या रंगाऱ्याच्या कपड्यांना रंगाचा वास होता, मागे कुणीतरी तळलेल्या पिठाचे गोळे खात होतं. लेकाऊला असे गोळे आवडायचे, तोंड भाजलं तरी थांबायचा नाही. ती टेकून बसली. मघाचे तिघे नालायक होते, दुसरं काय. पेट्रोलपंपाचा चौक आला. शहराकडची वाट उजवीकडे. टॅक्सी डावीकडे वळली.

आधी तिला वाटलं पेट्रोल भरतोय. मग वाटलं, रस्ता खणला असेल, वळसा घालतोय. पण शाळा मागे गेली, मैदान मागे गेलं, आणि कुणीतरी म्हणालं, “मॉलच्या अलीकडे सोड रे,” आणि ड्रायव्हर “बरं” म्हणाला. वस्तीतली गाडी. इथल्या इथे फिरणारी. तिनं हळूच उजवा हात पर्समागे घेतला आणि गुडघ्याच्या जरा वर, कुणाला दिसणार नाही असा, शहराच्या खुणेसाठी धरला. मनात ते बोट सरळ होतं. मनात ते चाळीस वर्षं सरळच होतं. आता तिनं पहिल्यांदा खाली वाकून डोळ्यांनी पाहिलं, तर हात वर होता, मनगट वर होतं, आणि बोट मधल्या पेरापासून मोडून नळाच्या तोंडासारखं खाली बघत होतं. जोर लावला. पेर पांढरं पडलं, कळ खांद्यापर्यंत गेली, बोट हललं नाही. डाव्या हाताचं करून पाहिलं. ते त्याचंच भावंड. म्हणजे आज सकाळपासून ती सोवेटोच्या मोठ्या रस्त्यावर प्रार्थनेच्या कपड्यांत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ठामपणे सांगत होती, मला कुठेही जायचं नाही, इथल्या इथेच. आणि ते बिचारे तिचं ऐकत होते. गेल्या गुरुवारी? गेल्या गुरुवारी शेजारची बाई बरोबर होती, बोट तिनं केलं होतं. त्याच्या आधीच्या? तेव्हा थंडी म्हणून गेलीच नव्हती. येताना तर खुणेची गरजच नसते, शहरातल्या टॅक्सीतळावर रांगेत उभं राहायचं की झालं. परत घरी येता येतं. घरून निघता येत नाही. हे इतकं सोपं होतं की तिला रडूही येईना.

काही बोलायचं नाही, तिनं ठरवलं. इथंच यायचं होतं असं दाखवायचं, मॉलपाशी उतरायचं, साबण घ्यायचा, चालत घरी. पण उतरायची जागा आली तेव्हा तिचे पाय उठले नाहीत. रस्त्याच्या कामामुळे पुढे गाड्या खोळंबल्या होत्या, कुणी उतरलं, कुणी चढलं, गाडी पुन्हा भरली.

“गोगो, तुम्हाला कुठं सोडायचं?” ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. गोगो म्हणजे आजी. चाळिशीचा गृहस्थ, कानावर लोकरीची टोपी. “सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही काही बोललाच नाहीत.”

“तू चालव. मी सांगते.”

“चालवायला रस्ता तर पाहिजे. पुढे शेवटचा थांबा. तिथं काय करणार तुम्ही?”

“आज गुरुवार ना, मे?” कोबीवालीनं तिच्या लाल ब्लाउजकडे पाहिलं. “प्रार्थनेला निघालात? तुमचं चर्च इकडे कुठलं?”

मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, “विसरत असतील. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. चपला घालून निघायची न् चौकात उभी.” हळू आवाजात बोललेलंच म्हाताऱ्या माणसाला नेमकं ऐकू येतं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, मागे वळला आणि फार प्रेमानं म्हणाला, “फोन आहे का तुमच्याकडे? द्या इकडे. मी लावतो घरी. कोण आहे घरी?”

“कोणी नाही.”

“मुलगा? मुलगी?”

“द्या हो मे, लाजायचं काय त्यात,” रंगारी म्हणाला आणि त्यानं तिच्या पर्सकडे हात केला. मदत करायलाच केला. पण पुलेंगनं पर्स छातीशी अशी आवळली की आतली चष्म्याची पेटी कडकन वाजली. हा फोन जर यांनी लावला, एका अनोळखी पुरुषानं जर थाकानेला सांगितलं की तुमची आई वस्तीत भटकताना सापडलीय, तर शनिवारचीसुद्धा वाट बघणार नाही ती.

“मला विसर पडलेला नाही!” ती ओरडली. आठवड्याभराचा न वापरलेला आवाज एकदम बाहेर आला आणि गाडीत दणाणला. “तारीख सांगू? तुझ्या या टॅक्सीचा नंबर सांगू, चढताना वाचलाय तो? मला शहरात जायचं होतं. डोकं शाबूत आहे माझं. बोट वर होत नाही! बघ. हे बघ. वर करतेय मी, तरी होत नाही.”

सगळी गाडी त्या बोटाकडे बघत राहिली. मग ड्रायव्हर हसला. वाईट नव्हता हसला. “अहो, मग मी काय करू? तुम्ही खाली दाखवलंत, मी थांबलो.”

“अख्खा हात वर करायचा, मे,” कोबीवाली म्हणाली.

“चार बोटं म्हणजे फोरवेज, त्या उपनगरात नेऊन टाकतील,” रंगारी म्हणाला. “त्यापेक्षा पेन्सिल धरा हातात. उभी.”

“पेन्सिल? वाटेल तिकीट तपासायला उभ्यात.”

“खाली डोकं वर पाय करून खूण करा. मग बोट वर होईल.”

हसण्याचा लोट उठला. पुलेंगही हसली, काय करणार, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचं म्हणून खपलं. किती दिवसांनी तिच्यावर कुणी असं हसत होतं, तोंडावर, प्रेमानं. आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना. थाकाने, तिचा नियम, शनिवार, टेम्पो. “तिला कळलं ना, की मला एकटीला शहरात जाता येत नाही, तर येऊन घेऊनच जाईल मला. माझं घर बंद.” बायकांनी चक् चक् केलं. आणि जसं काही नाव घेतल्याबरोबर, पर्समध्ये फोन वाजायला लागला. दर गुरुवारी अकराला, शाळेच्या मधल्या सुट्टीत, वाजायचाच.

“तीच,” पुलेंग म्हणाली. बटण रंगाऱ्यानं दाबून दिलं.

“आई, कुठे आहेस?”

“चर्चमध्ये. शहरात.”

“शहरात? मग गाड्यांचा आवाज कसला?” मागच्या गाडीतला कुणीतरी नेमका तेव्हाच हॉर्न बडवत होता. “आई, खरं सांग. घरीच आहेस ना?”

पुलेंगनं फोन कानापासून दूर केला. तिनं कोबीवालीकडे पाहिलं. त्या बाईनं कोबी रंगाऱ्याच्या मांडीवर ढकलले, डोळे मिटले, आणि पोटातून सूर लावला. चर्चमध्ये प्रत्येक गुरुवारी म्हणतात तेच भजन. दुसऱ्या ओळीला मागच्या दोघी मिसळल्या. तिसऱ्या ओळीला पुरुषांनी खालचा सूर धरला, आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद करून, टोपी काढून, असा काही खर्ज लावला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कुणी कुणाला खूण केली नव्हती. या लोकांना तीन माणसं जमली की चार सूर सापडतात.

“अगंबाई,” थाकाने म्हणाली. “सुरू झालं वाटतं. किती जणी आहात आज?”

“पंधरा-सोळा.”

“पुरुषही गातायत?”

“पाद्री आहेत. दोघंतिघं आलेत.”

“ऐकू दे जरा, आई. फोन तसाच धर.”

पुलेंगनं फोन गाडीच्या मधोमध धरला. दोन कडवी झाली. तिकडे शाळेच्या त्या खोलीत तिची मुलगी ऐकत होती, इकडे रस्त्याच्या कामापाशी गाड्या खोळंबल्या होत्या, आणि पुलेंगला वाटलं, थाकाने इथं असती, या कोबीवालीच्या शेजारी दाटीवाटीनं बसली असती, तर तिला सगळं खरं सांगता आलं असतं. शनिवारी सांगू, तिनं मनाशी म्हटलं. समोर बसवून, पाव वाफवून, हळूच सांगू. टेम्पो आणलाच असेल तर त्याचं काय ते तेव्हा बघू. लेक येतेय, हे तर आहे.

“आई?” थाकानेचा आवाज भिजल्यासारखा होता. “किती बरं वाटलं ऐकून. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता गं. तू मस्त चाललीयस. मग मी या शनिवारी येत नाही. इथं परीक्षा आहेत, कामाचा नुसता डोंगर आहे. आता डिसेंबरलाच बघू. चालेल ना तुला?”

“चालेल,” पुलेंग म्हणाली. “न चालायला काय झालं. सावकाश ये.”

फोन बंद झाला. भजन थांबलं नाही. सुरू केलेलं भजन अर्ध्यावर टाकायची इथं पद्धत नाही, शेवटचं कडवं होईपर्यंत सगळे गात राहिले आणि ती बंद फोन हातात धरून त्यांच्यात बसून राहिली. मग कोबीवालीनं डोळे उघडले, घाम पुसला आणि दंडाला धरून तिला हलवलं.

“काय म्हणाली मुलगी?”

“येत नाही म्हणाली,” पुलेंग म्हणाली.

सगळ्या टॅक्सीनं टाळ्या वाजवल्या.